सामायिक संगणकीय मॉडेल : इमारतीची एकच नोंद, सर्वांची जबाबदारी

तिरुनागेश्वरम् (कुंभकोणम्) : तामिळनाडूच्या तंजावर जिल्ह्यात, कुंभकोणम् शहराच्या पूर्वेस काही किलोमीटरांवर तिरुनागेश्वरम् हे गाव आहे. नवग्रहांपैकी राहूचे स्थान म्हणून येथील नागनाथस्वामी मंदिर प्रसिद्ध आहे. कावेरीच्या या खोऱ्यातील चोळकालीन मंदिरांच्या भिंती शिलालेखांनी भरलेल्या आहेत. जमीन कोणी दिली, दिव्यासाठी कोणते दान मिळाले, त्या दानाचा सांभाळ कोणी करायचा, असा तपशील त्यांत कोरलेला आढळतो. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर १८०३ साली, सरफोजीराजे दुसरे यांच्या काळात, भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरला गेला. वास्तू आणि तिच्याविषयीची नोंद एकाच ठिकाणी असावी, ती कोणालाही पाहता यावी आणि कोणाही एकट्याला ती गुपचूप बदलता येऊ नये, हा या शिलालेखांचा व्यावहारिक अर्थ आहे.

आजच्या इमारतीची स्थिती नेमकी उलट असते. तिचे नकाशे वास्तुविशारदाकडे असतात, सळयांचा तपशील संरचना अभियंत्याकडे, वायरिंगची माहिती वायरमनच्या डोक्यात आणि मंजूर आराखडा महापालिकेच्या दप्तरात. ऐन वेळी झालेले बदल बहुधा कोणाकडेच नसतात. ही विखुरलेली माहिती एका सामायिक संगणकीय मॉडेलमध्ये आणून सर्व संबंधितांनी त्यावर काम करण्याच्या पद्धतीला ‘बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग’ म्हणतात. बांधकाम क्षेत्रात ती ‘बीआयएम’ या आद्याक्षरांनी ओळखली जाते. या पद्धतीचे स्वरूप, तिचा उगम, महाराष्ट्रातील तिचा वापर आणि तिच्या मर्यादा यांचा हा आढावा.

चित्र नव्हे, माहिती

बीआयएम म्हणजे इमारतीचे आकर्षक त्रिमितीय चित्र, असा समज सर्वत्र आढळतो. सदनिकांच्या जाहिरातींत दिसणारी संगणकीय चित्रे त्याला कारणीभूत आहेत. प्रत्यक्षात चित्र हा या पद्धतीचा केवळ दर्शनी भाग आहे. संगणकावर काढलेल्या साध्या नकाशात भिंत म्हणजे दोन समांतर रेषा असतात. ती भिंत आहे, हे नकाशा वाचणाऱ्या माणसाला समजते. संगणकाला समजत नाही. बीआयएम मॉडेलमध्ये भिंत ही भिंत म्हणूनच नोंदवलेली असते. तिची लांबी, उंची, जाडी, विटेचा प्रकार, गिलावा, आग किती वेळ रोखून धरण्याची तिची क्षमता आणि ती कोणत्या दोन खोल्यांच्या मध्ये आहे, ही माहिती तिच्याशी जोडलेली असते. भिंत सरकवली की तिच्यातील दारही सरकते, खोलीचे क्षेत्रफळ बदलते आणि विटांची संख्या नव्याने मोजली जाते. तळमजल्याचा नकाशा, छेद आणि दर्शनी उठाव ही एकाच माहितीची वेगवेगळी रूपे असल्याने ती आपोआप परस्परांशी जुळलेली राहतात.

लांबी, रुंदी व उंची या तीन मितींना बांधकामाचे वेळापत्रक जोडले तर त्यास चतुर्मितीय मॉडेल म्हणतात. कोणता स्तंभ कोणत्या आठवड्यात उभा राहील, हे त्यावर क्रमाने पाहता येते. त्यात परिमाणे व दर जोडले की ते पंचमितीय होते आणि झालेल्या कामाबरोबर झालेला खर्चही दिसू लागतो.

तीन बरोबर नकाशे, एक चूक

या पद्धतीची गरज समजण्यासाठी एक साधे उदाहरण पुरेसे आहे. समजा, एका रुग्णालयाच्या मजल्याची उंची ३,६०० मिलिमीटर आहे. वास्तुविशारदाने फॉल्स सीलिंग जमिनीपासून २,७०० मिलिमीटरवर दाखवले आहे. संरचना अभियंत्याने स्लॅबसह ६०० मिलिमीटर खोलीची तुळई दिली आहे. म्हणजे तुळईचा तळ ३,००० मिलिमीटरवर येतो. वातानुकूलन अभियंत्याने आवरणासह ३५० मिलिमीटर उंचीची डक्ट आखली आहे. तिन्ही नकाशे आपापल्या जागी निर्दोष आहेत. मात्र तुळई आणि छत यांच्यामध्ये उरलेली जागा ३०० मिलिमीटर आहे आणि तेथून ३५० मिलिमीटरची डक्ट जाऊ शकत नाही. आग विझवणाऱ्या पाण्याच्या नळाला तर जागाच राहिलेली नाही.

हा घोटाळा कार्यालयात लक्षात आला, तर अर्ध्या तासाच्या चर्चेत सुटतो. डक्ट अधिक रुंद व कमी उंचीची करता येते, तिचा मार्ग बदलता येतो किंवा त्या भागातील छत खाली घेता येते. तो साइटवर लक्षात आला, तर स्लॅब भरून झालेला असतो आणि डक्ट तयार होऊन आलेली असते. मग कोअर कटिंगचे यंत्र बोलावून तुळईत भोक पाडण्याचा मोह होतो. त्यात सळई कापली गेली, तर इमारतीच्या बळावरच घाव बसतो. बिल कोणाच्या नावावर टाकायचे, यावरून वाद सुरू होतो तो वेगळाच.

सामायिक मॉडेलमध्ये वास्तुरचना, संरचना, पाणी, वीज व वातानुकूलन यांची स्वतंत्र मॉडेले एकावर एक ठेवली जातात. एकाच जागेवर दोन वस्तूंनी हक्क सांगितला, तर संगणक ती जागा दाखवतो. या तपासणीस ‘क्लॅश डिटेक्शन’ म्हणतात. वस्तू एकमेकींना भिडत नसल्या तरी दुरुस्तीसाठी हात घालण्याइतकी मोकळी जागा न राहणे, वीजफलकाचे दार पूर्ण न उघडणे, असे दोषही त्यात शोधता येतात.

पाच दशकांचा प्रवास

इमारतीचे वर्णन रेषांऐवजी वस्तूंच्या माहितीतून करावे, ही कल्पना नवी नाही. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात चार्ल्स ईस्टमन यांनी १९७० च्या दशकाच्या मध्यास ‘बिल्डिंग डिस्क्रिप्शन सिस्टिम’ नावाने तिची मांडणी केली. त्या वेळचे संगणक दुर्मीळ व महाग असल्याने ती संशोधनापुरती मर्यादित राहिली. १९८० च्या दशकात हंगेरीतील ग्राफिसॉफ्ट कंपनीचे आर्किकॅड हे सॉफ्टवेअर वैयक्तिक संगणकावर आले. २००० साली रेव्हिट बाजारात आले आणि २००२ मध्ये ऑटोडेस्क कंपनीने ते विकत घेतले. त्यानंतर ‘बीआयएम’ ही संज्ञा जगभर रूढ झाली.

सॉफ्टवेअर आले तरी सहकार्य आपोआप आले नाही. प्रत्येक कंपनीची फाइल वेगळ्या स्वरूपाची आणि ती दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडताना माहिती गळून पडत असे. या अडचणीची किंमत विमाननिर्मिती उद्योगाने ठळकपणे दाखवून दिली. एअरबस ए-३८० या विमानाच्या निर्मितीत जर्मनी व फ्रान्समधील पथके एकाच सॉफ्टवेअरच्या वेगवेगळ्या आवृत्त्या वापरत होती. परिणामी, तयार होऊन आलेले वायरिंगचे जुडगे विमानात नीट बसेनात. हा गोंधळ २००६ मध्ये उघड झाला, विमाने ग्राहकांना मिळण्यास मोठा विलंब झाला आणि कंपनीला अब्जावधी युरोंचा फटका बसला.

बांधकाम क्षेत्रात या प्रश्नावर खुल्या स्वरूपाचा मार्ग काढण्यात आला. १९९० च्या दशकाच्या मध्यास विविध कंपन्यांनी एकत्र येऊन ‘इंडस्ट्री फाउंडेशन क्लासेस’ म्हणजेच ‘आयएफसी’ या सामायिक माहितीस्वरूपाचे काम सुरू केले. आज बिल्डिंगस्मार्ट ही आंतरराष्ट्रीय संस्था ते सांभाळते. २०१३ मध्ये त्याला आयएसओ १६७३९ हे आंतरराष्ट्रीय मानक म्हणून पूर्ण मान्यता मिळाली. मॉडेल कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये तयार झाले असले, तरी ते आयएफसी स्वरूपात दिले तर दुसऱ्याला वाचता येते. पन्नास वर्षे उभ्या राहणाऱ्या इमारतीची नोंद एखाद्या कंपनीच्या वार्षिक परवान्यात अडकून पडू नये, यासाठी हे महत्त्वाचे आहे.

सहकार्याची शिस्त

मॉडेल सामायिक असणे म्हणजे सर्वांनी एकाच फाइलमध्ये हवे ते बदल करणे नव्हे. तसे झाले, तर कोणी काय बदलले हे कळणारच नाही. प्रत्येक शाखा आपले मॉडेल स्वतः तयार करते आणि त्याची जबाबदारी तिच्याकडेच राहते. ठरलेल्या दिवशी ही सर्व मॉडेले एकत्र जोडून पाहिली जातात. सापडलेल्या त्रुटींची यादी होते, प्रत्येक त्रुटीपुढे जबाबदार व्यक्तीचे नाव व मुदत लिहिली जाते आणि पुढील बैठकीत तिचा हिशेब घेतला जातो.

या कार्यपद्धतीचे आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ १९६५० या नावाने ओळखले जाते. त्याचे पहिले दोन भाग २०१८ च्या अखेरीस प्रसिद्ध झाले आणि त्यांचा पाया ब्रिटिश मानकांत होता. या पद्धतीत माहितीसाठी एक सामायिक भांडार असते व प्रत्येक फाइल चार अवस्थांतून जाते. पहिली ‘काम चालू’. या अवस्थेत ती केवळ संबंधित पथकापुरती असते. दुसरी ‘सामायिक’; इतरांनी ती पाहावी व आपले काम तिच्याशी जुळवावे, पण तिच्या आधारे बांधकाम करू नये. तिसरी ‘प्रसिद्ध’, अधिकृत मंजुरी मिळाल्याने ती आता साइटवर वापरता येते. चौथी ‘संग्रहित’; जुनी आवृत्ती पुसून न टाकता पुराव्यासाठी जपलेली.

वरवर पाहता ही कारकुनी वाटते. साइटवर होणाऱ्या अनेक चुकांचे मूळ मात्र एकाच प्रश्नात असते : मुकादमाच्या हातातील नकाशा शेवटचा आहे काय? व्हॉट्सॲपवर आलेला फोटो, ईमेलमधील सुधारित नकाशा आणि भिंतीवर चिकटवलेली जुनी प्रत या तिन्हींवर एकाच दिवशी तीन टोळ्या काम करत असतील, तर उत्तम अभियंतेही चूक टाळू शकत नाहीत. चार अवस्थांची शिस्त या एका प्रश्नाचे निर्विवाद उत्तर देते.

त्याआधीची पायरी मालकाची असते. आपल्याला कोणती माहिती, कोणत्या टप्प्यावर आणि कशासाठी हवी आहे, हे मालकाने निविदेपूर्वीच लेखी सांगावे, असे मानक अपेक्षिते. ‘बीआयएम द्यावे’ एवढेच निविदेत लिहिले, तर कंत्राटदार एक मॉडेल देतो व विषय संपतो. ‘प्रत्येक पंपाचा अनुक्रमांक, बसवल्याची तारीख, हमीचा कालावधी आणि तो बंद करण्याच्या व्हॉल्व्हची जागा द्यावी’ असे लिहिले, तर त्या मॉडेलचा पुढे उपयोग होतो.

नागपूर मेट्रोचा अनुभव

महाराष्ट्रात या पद्धतीचा सर्वांत ठळक वापर नागपूर मेट्रो प्रकल्पात झाला. केंद्र सरकारने ऑगस्ट २०१४ मध्ये या प्रकल्पास मंजुरी दिली व २०१५ मध्ये प्रत्यक्ष काम सुरू झाले. जानेवारी २०१७ मध्ये नागपूर मेट्रो रेल कॉर्पोरेशनची पुनर्रचना होऊन महाराष्ट्र मेट्रो रेल कॉर्पोरेशन, म्हणजेच महामेट्रो अस्तित्वात आली. प्रवासी सेवेचा प्रारंभ मार्च २०१९ मध्ये झाला आणि डिसेंबर २०२२ मध्ये पहिला टप्पा पूर्ण झाला. सुमारे ४० किलोमीटर लांबीच्या या टप्प्याचा खर्च साडेआठ हजार कोटी रुपयांहून अधिक आहे.

महामेट्रोने या प्रकल्पासाठी पंचमितीय बीआयएमचा अवलंब केला. स्थानके व उन्नत मार्ग यांची मॉडेले कामाच्या वेळापत्रकाशी आणि खर्चाच्या लेखाप्रणालीशी जोडण्यात आली. वेळापत्रक एका विभागात, मोजमापे दुसऱ्या विभागात व देयके तिसऱ्या विभागात, ही सरकारी बांधकामातील नेहमीची विभागणी आहे. मोजमाप पुस्तिकेतील आकडे आणि साइटवरील काम यांचा मेळ त्यात महिनोन्महिने लागत नाही. मॉडेलमधील घटक, त्याची नियोजित तारीख व त्याची किंमत एकत्र असल्यास झालेले काम आणि मागितलेले देयक यांची तुलना घटकागणिक करता येते.

नागपूरच्या काही जागी सामायिक नियोजनाशिवाय पर्यायच नव्हता. वर्धा मार्गावरील ३.१४ किलोमीटरच्या द्विस्तरीय पुलावर खाली जुना रस्ता, मधल्या स्तरावर महामार्गाचा उड्डाणपूल आणि वर मेट्रो धावते. छत्रपती नगर, जयप्रकाश नगर व उज्ज्वल नगर ही स्थानकेही याच रचनेवर आहेत. २०२२ मध्ये या पुलाची गिनीज विक्रमात नोंद झाली. कामठी मार्गावर गड्डीगोदाम येथे रस्ता, रेल्वेमार्ग, उड्डाणपूल व मेट्रो असे चार स्तर एकमेकांवर आहेत. सीताबर्डी येथे दोन मेट्रो मार्ग एकमेकांना छेदतात. अशा ठिकाणी राष्ट्रीय महामार्ग, भारतीय रेल्वे, मेट्रो आणि महापालिका यांच्या सीमा एकाच खांबाभोवती येऊन भिडतात. एकाच्या आराखड्यातील काही सेंटिमीटरांचा बदल दुसऱ्याच्या सुरक्षित अंतराच्या नियमाला बाधा आणू शकतो. प्रत्येक विभागाने आपला नकाशा मंजूर करून घेणे येथे पुरेसे ठरत नाही. सर्वांनी एकच रचना पाहून होकार देणे आवश्यक ठरते.

धोरणाचा आधार

जगातील अनुभव पाहता, ही पद्धत बाजारावर सोडून दिल्यास सावकाश पसरते. सरकारने मालक या नात्याने मागणी केली तर वेगाने रुजते. ब्रिटन सरकारने मे २०११ मध्ये जाहीर केलेल्या बांधकाम धोरणात २०१६ पर्यंत केंद्रीय सरकारी प्रकल्पांत सामायिक त्रिमितीय बीआयएम सक्तीचे करण्याचे ठरवले. उद्योगाला तयारीसाठी पाच वर्षे मिळाली. सिंगापूरने वेगळा मार्ग घेतला. तेथील बांधकाम प्राधिकरणाने परवानगीसाठी मॉडेल सादर करण्याची अट २०१३ पासून मोठ्या इमारतींना लागू केली व २०१५ पर्यंत ५,००० चौरस मीटरहून मोठ्या इमारतींपर्यंत वाढवली.

भारतात नकाशामंजुरीची संगणकीय छाननी अनेक महापालिकांत रुळली आहे. मात्र ही छाननी मुख्यत्वे द्विमितीय नकाशांवर चालते आणि ती मंजुरीपाशी थांबते. केंद्रीय सांख्यिकी मंत्रालय १५० कोटी रुपये व त्याहून अधिक खर्चाच्या केंद्रीय प्रकल्पांच्या प्रगतीचे अहवाल प्रसिद्ध करीत आले आहे. त्यांत विलंब व वाढीव खर्च हे नित्याचे विषय असतात. भूसंपादन, परवानग्या, निधी ही विलंबाची मोठी कारणे मॉडेलने दूर होत नाहीत. आराखड्यांतील विसंगती, पुन्हा करावे लागणारे काम आणि परिमाणांवरील वाद ही कारणे मात्र त्याच्या आवाक्यातील आहेत.

मर्यादा आणि मतभेद

या पद्धतीविषयीचे आक्षेप दुर्लक्षिण्याजोगे नाहीत. पहिला आक्षेप दिखाऊपणाचा. नकाशे आधी जुन्या पद्धतीने पूर्ण करायचे आणि मग निविदेची अट भागवण्यासाठी कोणाकडून तरी मॉडेल करवून घ्यायचे, असे घडते. अशा मॉडेलमुळे खर्च वाढतो व निर्णयात काहीच फरक पडत नाही.

दुसरा आक्षेप कायदेशीर आहे. करारात बंधनकारक काय, कागदी नकाशा की मॉडेल? दोहोंत तफावत आढळली, तर कोणते ग्राह्य धरायचे? मॉडेलमधील चुकीच्या मापावर विश्वास ठेवून कंत्राटदाराने काम केले, तर नुकसान कोणाचे? याची उत्तरे करारात आधीच लिहिली नसतील, तर सामायिक मॉडेल सामायिक वादाचे कारण बनते. मॉडेल सर्वांचे असले तरी त्यातील प्रत्येक घटकाचा धनी एकच असावा, हे तत्त्व म्हणूनच पाळले जाते.

तिसरा प्रश्न सर्वांत व्यावहारिक आहे. आपल्याकडील बांधकाम अखेर पोटकंत्राटदार, सेंटरिंगवाले, फिटर, प्लंबर व गवंडी यांच्या हातून होते. कार्यालयातील मॉडेल त्यांच्यापर्यंत पोहोचले नाही, तर साइटवरील काम आणि मॉडेल यांची फारकत पहिल्याच महिन्यात सुरू होते. त्यामुळे मॉडेलमधून त्या दिवसाच्या कामापुरता, स्थानिक भाषेत व ठळक मापे असलेला नकाशा काढून देणे आणि गवंड्याने सांगितलेला अडथळा मॉडेलपर्यंत परत नेणे, ही दोन्ही कामे साइट इंजिनीअरच्या कर्तव्यांत धरावी लागतात. अनुभवी फिटर अनेकदा मॉडेलमध्ये न दिसणारी अडचण नुसत्या नजरेने सांगतो. बैठकीत त्याला स्थान नसेल, तर ते सहकार्य अपुरे होय.

याखेरीज माहितीच्या सुरक्षेचाही प्रश्न आहे. मेट्रो, रुग्णालय किंवा कारागृह यांचे संपूर्ण मॉडेल कोणालाही उपलब्ध असणे धोक्याचे आहे. आयएसओ १९६५० चा पाचवा भाग याच विषयास वाहिलेला आहे. कोणी काय पाहावे व कोणी काय बदलावे, याचे अधिकार वेगवेगळे ठेवणे त्यासाठी आवश्यक असते.

ताबा दिल्यानंतरची नोंद

बांधकाम दोन-तीन वर्षे चालते. इमारत त्यानंतर अनेक दशके वापरात राहते. बहुतेक प्रकल्पांत माहितीचा प्रवाह मात्र भोगवटा प्रमाणपत्र मिळाले की आटतो. या टप्प्यावर काय पणाला लागते, हे कुंभकोणम् शहराला ठाऊक आहे.

१६ जुलै २००४ रोजी या शहरातील एका खासगी शाळेत आग लागली. माध्यान्ह भोजन शिजवण्याच्या जागेत लागलेली ही आग गवताने शाकारलेल्या छपरामार्फत वरच्या वर्गांपर्यंत पोहोचली. बाहेर पडण्याची वाट अरुंद होती. या दुर्घटनेत ९४ बालकांचा मृत्यू झाला. या घटनेनंतर दाखल झालेल्या जनहित याचिकेवर निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २००९ मध्ये देशातील शाळांना अग्निसुरक्षेचे नियम व राष्ट्रीय बांधकाम संहितेतील तरतुदी पाळण्याचे निर्देश दिले.

संगणकीय मॉडेल असते, तर ही मुले वाचली असती, असे म्हणणे उथळपणाचे ठरेल. तेथे तंत्रज्ञानापेक्षा नियमपालनाची उणीव होती. तरीही त्या आगीने उभा केलेला प्रश्न इमारतीच्या माहितीचाच आहे. वरचे छप्पर कशाचे आहे, स्वयंपाकाची जागा कोठे आहे, एका जिन्यावर किती मुले अवलंबून आहेत आणि मंजुरीनंतर यांत काय बदलले, हे इमारतीत राहणारा, तिची तपासणी करणारा व तिला वाचवायला धावणारा या तिघांनाही ठाऊक असायला हवे. मंजूर नकाशा एक सांगतो व प्रत्यक्ष इमारत दुसरेच असते, तेव्हा तपासणी कागदाची होते आणि धोका इमारतीत राहतो.

ब्रिटनमध्ये याच प्रश्नाचे उत्तर एका भीषण आगीनंतर शोधले गेले. लंडनमधील ग्रेनफेल टॉवर या निवासी इमारतीला १४ जून २०१७ रोजी लागलेल्या आगीत ७२ जणांचा मृत्यू झाला. इमारतीच्या नूतनीकरणात बाहेरून बसवलेले आवरण आग पसरण्याचे प्रमुख कारण ठरले. त्यानंतर नेमलेल्या ज्युडिथ हॅकिट यांच्या समितीने २०१८ मध्ये अहवाल दिला. आराखड्यापासून वापरापर्यंत इमारतीच्या माहितीचा अखंड ‘सुवर्णधागा’ डिजिटल स्वरूपात जपावा, अशी शिफारस त्यात होती. २०२२ च्या इमारत सुरक्षा कायद्यानंतर किमान १८ मीटर उंचीच्या किंवा किमान सात मजली निवासी इमारतींसाठी अशी नोंद ठेवणे तेथे बंधनकारक झाले. ती कोणी सांभाळायची, हेही कायद्याने ठरवून दिले आहे.

भारतात २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यात, म्हणजेच ‘रेरा’मध्ये या दिशेने तरतुदी आहेत. कलम १७ नुसार भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यानंतर आवश्यक कागदपत्रे व नकाशे खरेदीदारांच्या संस्थेकडे सोपवणे प्रवर्तकावर बंधनकारक आहे. कलम १४ नुसार ताबा दिल्यापासून पाच वर्षांत आढळलेला संरचनात्मक दोष प्रवर्तकाने विनामूल्य दूर करायचा आहे. हक्क असूनही अनेक गृहनिर्माण संस्थांना मिळतो तो मंजूर नकाशांचा एक गठ्ठा. प्रत्यक्ष बांधकामाचे नकाशे, पाइप व केबलचे मार्ग, पंप व लिफ्टचा तपशील यांची मागणी संस्थेने ताबा घेतानाच करणे हिताचे आहे. दहा वर्षांनी गळती शोधताना त्यासाठी प्रत्येक स्वच्छतागृहाची फरशी उखडण्याची वेळ येते.

लहान बांधकामांसाठी

सामायिक नोंदीचे तत्त्व पाळण्यासाठी मेट्रोएवढा खर्च लागत नाही. तालुक्याच्या गावातील शाळा, चार मजली सोसायटी किंवा देवस्थानाचे भक्तनिवास यांनाही ते लागू करता येते. आयएफसी मॉडेल पाहण्यासाठी मोफत सॉफ्टवेअर उपलब्ध आहे. मॉडेल करणे शक्य नसले, तरी पुढील गोष्टी कोणत्याही बांधकामात करता येतात :

पहिली, सर्व नकाशांसाठी एकच सामायिक फोल्डर ठेवावा. प्रत्येक नकाशावर आवृत्तीचा क्रमांक व तारीख असावी आणि साइटवरील जुनी प्रत नवी येताच काढून घ्यावी.

दुसरी, स्लॅब भरण्यापूर्वी वास्तुविशारद, संरचना अभियंता, प्लंबर व वायरमन यांनी एकत्र बसून नकाशे एकावर एक ठेवून पाहावेत. नळ व वायरसाठी लागणारी भोके आधीच ठरवावीत.

तिसरी, गिलावा करण्यापूर्वी प्रत्येक भिंतीतील पाइप व वायरिंगचे, मोजपट्टी लावून, खोलीनिहाय फोटो काढावेत व ते नकाशाला जोडावेत.

चौथी, ऐन वेळी झालेला प्रत्येक बदल त्याच आठवड्यात नोंदवावा. तो कोणी सुचवला, कोणी मान्य केला व का केला, हे लिहावे.

पाचवी, काम संपल्यावर ही सर्व नोंद मालकाकडे व संस्थेच्या दप्तरात द्यावी. जिने, बाहेर पडण्याच्या वाटा, पाण्याची टाकी, वीज बंद करण्याचे मुख्य बटण व गॅसची जागा दाखवणारा एक साधा नकाशा प्रवेशद्वाराजवळ लावावा. अग्निशमन दलाला पहिल्या पाच मिनिटांत हाच नकाशा उपयोगी पडतो.

जुन्या मंदिरांच्या जीर्णोद्धारालाही हेच लागू आहे. लेसर स्कॅनिंगने दगडी वास्तूची अचूक त्रिमितीय नोंद आता करता येते. कोणता दगड केव्हा बदलला, भेग पूर्वी किती रुंद होती व आता किती आहे, हे अशा मॉडेलमध्ये नोंदवल्यास पुढच्या पिढीतील स्थपतीला अंदाजावर विसंबावे लागत नाही.

बांधकामातील माणसे बदलतात, कंपन्या बंद पडतात, सॉफ्टवेअर जुने होते. इमारत तेवढी उभी राहते. तिच्याविषयीचे सत्य कोणा एकाच्या कपाटात न राहता, जबाबदार व्यक्तीच्या नावासह सर्व संबंधितांच्या समोर राहावे, एवढेच सामायिक मॉडेलचे प्रयोजन आहे. कावेरीकाठच्या मंदिरांनी ते काम दगडावर केले. आजच्या शाळा, रुग्णालये व घरे यांसाठी ते संगणकावर करण्याचे साधन हाती आहे. त्यासाठी निविदेत नेमके काय मागायचे आणि ताबा घेताना काय मागून घ्यायचे, हे मालक, गृहनिर्माण संस्था व शाळाचालक यांनी ठरवायचे आहे.